एका पिशवीतली दोन भिंगे

प्रवासाच्या आदल्या रात्री आमच्या घरी एक ठरलेला प्रसंग घडतो. सौ.ची बॅग संध्याकाळीच भरून दाराशी उभी असते आणि मी मात्र जेवणानंतर टेबलावर दोन भिंगे मांडून त्यांच्याकडे पाहत बसलेला असतो. एक लांबट, वजनदार, अंगावर आकडे मिरवणारे. दुसरे पानाच्या डबीएवढे बुटके. "अहो, दोन्ही घ्या की. त्यात एवढा कसला विचार?" हे तिचे वाक्यही ठरलेलेच. राज्य शासनाच्या नोकरीत छत्तीस वर्षे मी इतरांच्या प्रकरणांवर टिपण्या लिहिल्या, बहुतेक फायली वेळेत निकाली काढल्या. पण हे एक घरगुती प्रकरण सेवानिवृत्तीनंतरही प्रलंबितच राहिले आहे.

आमच्या घराण्याला छायाचित्रणाचा वारसा नाही. पणजोबा कोकणातून निघाले ते होळकरांच्या दप्तरात कारकून म्हणून इंदुरात स्थिरावले, आणि तेव्हापासून आमच्या घरात लेखणीच चालली. पहिला कॅमेरा मी घेतला तो वेतनाच्या थकबाकीतून, १९८९ साली. रामबागेतल्या वाड्यात त्या दिवशी आजूबाजूची सगळी मंडळी जमली होती. आईने कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहिले आणि वडिलांनी एवढेच विचारले, "याचा महिन्याचा खर्च किती?" रोलच्या त्या काळात तो प्रश्न अगदी रास्त होता.

ज्यांनी हे यंत्र फारसे हाताळलेले नाही त्यांच्यासाठी या दोन भिंगांचा स्वभाव थोडक्यात सांगतो. बुटक्या भिंगाला प्राइम म्हणतात. त्याचे नाभीय अंतर एकच, माझ्याजवळच्याचे ३५ मिलिमीटर. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्यामुळे त्यातून दिसणारे दृश्य फिल्मच्या काळातल्या ५० मिलिमीटरच्या भिंगासारखे असते; फार रुंद नाही, फार अरुंदही नाही. दृश्य मोठे हवे असेल तर आपण पुढे व्हायचे, लहान हवे असेल तर मागे सरायचे. लांबट भिंग म्हणजे झूम. त्याचे नाभीय अंतर १८ पासून १४० पर्यंत बदलते. कडे फिरवले की संपूर्ण घाट चौकटीत मावतो, आणखी फिरवले की त्याच घाटावरच्या एका दीपमाळेचा कळस समोर येतो. पाऊलही हलवावे लागत नाही.

या सोयीची किंमत मात्र मोजावी लागते. साध्या प्राइममध्ये सात-आठ काचा असतात. लांब पल्ल्याच्या झूममध्ये पंधरा-सोळा, आणि त्यांचे काही गट आतल्या आत पुढेमागे सरकणारे. म्हणून एकाचे वजन दोनशे ग्रॅम, तर दुसऱ्याचे अर्ध्या किलोच्या घरात. इतक्या निरनिराळ्या अंतरांवर सारखेच चोख काम एका भिंगाकडून होत नाही. रुंद टोकाला इमारतीच्या सरळ रेषा किंचित पोट काढतात. आताचे कॅमेरे ती वक्रता आपोआप सुधारून देतात ही गोष्ट निराळी. पण खरा फरक प्रकाशाचा. माझ्या प्राइमचे छिद्र एफ १.८ इतके उघडते. झूम त्याच ३५ मिलिमीटरवर आणला तर साधारण एफ ४ च्या पुढे उघडत नाही. आकड्यांच्या या खुणा उलट चालतात आणि त्यांचे वर्ग करून हिशेब मांडावा लागतो. तो मांडला तर प्राइममधून सुमारे पाचपट प्रकाश आत येतो.

पाचपट म्हणजे किती, हे मला महेश्वरला कळले. अहल्याबाईंच्या त्या गावी हातमागाच्या खोल्या आहेत. पावसाळ्यातली दुपार होती आणि वीज गेलेली होती. खिडकीतून येणाऱ्या उजेडात एक बाई साडीचे काठ विणत होत्या. त्या उजेडात प्राइमने सेकंदाच्या शंभराव्या भागात जे चित्र मिळाले त्यासाठी झूमला विसावा भाग लागला असता. आपला हात स्थिर ठेवण्याची युक्ती आता भिंगांतच बसवलेली असते, पण ती विणकरणीचा हात स्थिर करू शकत नाही. धोटा तर क्षणात इकडून तिकडे जातो. सेन्सरची संवेदनशीलता वाढवून हे साधता येते, नव्या कॅमेऱ्यांत ते पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले साधतेही. पण त्या वाढीबरोबर अंधाऱ्या भागात कण उठतात आणि रेशमाची झळाळी हरवते.

मग झूम घरीच का ठेवू नये? कारण त्याच महेश्वरला, त्याच दिवशी संध्याकाळी, मी घाटाच्या पायरीवर उभा होतो आणि नर्मदेच्या पात्रात मधोमध बाणेश्वराचे देऊळ होते. तिथे 'चार पावले पुढे व्हा' हा सल्ला देणाऱ्याला आधी नाव आणावी लागेल. मांडवगडला जहाज महालासमोरही तीच गत. एका बाजूला मुंज तलाव, दुसऱ्या बाजूला कपूर तलाव, आणि मध्ये ती लांबच लांब इमारत. प्राइममध्ये ती मावेना म्हणून मागे सरावे, तर मागे पाणी. शिवाय कुटुंबाबरोबरचा प्रवास ही काही साधना नव्हे. नातीला भूक लागलेली असते, चालक घड्याळ पाहत असतो, आणि धुळीच्या वाऱ्यात भिंग बदलावे तर एखादा कण सेन्सरवर बसून पुढच्या प्रत्येक चित्राच्या आकाशात काळा ठिपका होऊन उमटतो. अशा वेळी कडे फिरवून काम भागवणारा झूम हा सोबतीला घ्यावा असा समंजस नातेवाईक असतो.

इथवरचा हिशेब कोणीही जाणकार दुकानदार समजावून सांगेल. पण एक गोष्ट मला फार उशिरा उमगली, आणि ती भिंगाची नसून उभे राहण्याच्या जागेची आहे. पुढची वस्तू केवढी आणि मागची केवढी दिसावी हे नाभीय अंतर ठरवत नाही. आपण कुठे उभे आहोत यावर ते ठरते. जवळून पाहिलेला माणूस त्याच्या घरापासून सुटा, ठसठशीत दिसतो. तोच पन्नास पावलांवरून पाहिला की पाठीमागची भिंत त्याला येऊन चिकटते. आपण दुरूनच उभे राहून झूमचे कडे फिरवले तर तो मोठा दिसेल, पण जवळचा दिसणार नाही.

याबाबतीत माझे आदर्श एका अर्थाने माझ्याच पंक्तीतले, म्हणजे इंदुरातले एक सरकारी नोकर. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधन्याचा. रुडकीला अभियांत्रिकी शिकून १८६६ मध्ये ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. अंदाजपत्रके आणि नकाशे हे त्यांचे काम. छायाचित्रण त्यांनी इथेच हाती घेतले. पुढे लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबरच्या दौऱ्यात त्यांनी मध्य भारतातल्या वास्तूंची जी छायाचित्रे घेतली ती १८८६ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. मग सहाव्या निजामांनी त्यांना हैदराबादला आश्रय दिला, 'राजा मुसव्विर जंग' हा किताब दिला, आणि १९०५ मध्ये ते निवर्तले तेव्हा त्यांचे नाव सर्वत्र झालेले होते. त्यांच्या काळी झूम नव्हता. छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यासाठी तो बाजारात आला १९५९ साली. दीनदयाळांना लाकडी कॅमेरा, तिपायी आणि काचेच्या पट्ट्या हमालांकडून वाहून न्याव्या लागत. एकदा तिपायी रोवली की ती सहजासहजी हलत नसे. म्हणून रोवण्यापूर्वी ते जागा शोधत असणार. त्यांची चित्रे पाहताना मला नेहमी वाटते, की या माणसाने भिंग नव्हे, जागा निवडली आहे.

मला मात्र जागा निवडण्याची संधी एकदा मिळाली होती, आणि ती मी घेतली नाही. ते लिहिल्याशिवाय ही टिपणी पुरी होणार नाही.

२००४ च्या जून महिन्यात मला नोंदींच्या तात्पुरत्या कामासाठी खंडवा जिल्ह्यातल्या हरसूदला पाठवले गेले. इंदिरा सागर धरणाच्या पाण्याखाली ते गाव जाणार होते आणि ३० जूनपर्यंत रिकामे व्हायचे होते. धरण व्हावे की होऊ नये हा वाद येथे मांडत नाही. त्यावर अधिकाराने लिहिणारे पुष्कळ आहेत. मी फक्त पाहिलेले सांगतो. लोक स्वतःची घरे स्वतःच्या हातांनी उतरवत होते. कौले, वासे, चौकटी, जे वापरता येईल ते ट्रॉलीत भरत होते. दिवसभर विटा पडल्याचा आवाज येई. धूळ इतकी, की जेवणाच्या डब्यातही तिची चव लागे.

माझ्याजवळ तेव्हा फिल्मचा कॅमेरा होता आणि त्याला २८ ते २०० मिलिमीटरचा झूम. एका दुपारी जीप एका गल्लीच्या तोंडाशी थांबली. चालक पाणी आणायला गेला. मी मागच्या आसनावर बसल्या बसल्या दोन चित्रे घेतली. पहिले २८ वर: संपूर्ण गल्ली, दोन्हीकडची अर्धी उघडी छपरे, एक निंब, आणि चौकटीच्या कडेला जीपच्या खिडकीची काळी पट्टी. दुसरे २०० वर: खांद्यावर दाराची लाकडी फळी घेऊन जाणारा एक पाठमोरा माणूस. मागचा विटांचा ढीग त्याच्या पाठीला टेकल्यासारखा दिसतो. दोन्ही चित्रे एकाच आसनावरून, एका मिनिटाच्या आत.

मी खाली का उतरलो नाही? त्या वेळी मी स्वतःला सांगितले, की कोणाच्या दुःखात कॅमेरा घेऊन शिरणे शिष्टाचाराला धरून नाही. त्यात तथ्य नव्हते असे आजही म्हणणार नाही. पण पूर्ण सत्य तेवढेच नव्हते. जवळ गेलो असतो तर त्या माणसाने मला काहीतरी विचारले असते, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. झूममुळे मला चित्र मिळाले आणि प्रश्न टळला. त्या दिवशी भिंगाची ही सोय मला फारच उपयोगी पडली.

२०२२ मध्ये निवृत्त झालो. कपाट आवरताना ती निगेटिव्ह सापडली. दोन्ही चित्रांच्या मोठ्या प्रती काढून घेतल्या आणि गेल्या डिसेंबरात खंडव्यामार्गे छनेऱ्याला गेलो. विस्थापितांपैकी पुष्कळजण तिथेच वसले आहेत. नवे हरसूद म्हणतात त्याला. जाताना फक्त प्राइम घेतला. झूम मुद्दामच घरी ठेवला, कारण स्वतःवर माझा तेवढा विश्वास नव्हता.

चहाच्या टपरीवर गल्लीची प्रत बाकावर ठेवली आणि पाच मिनिटांत दहा-बारा माणसे भोवती जमली. माझ्याकडे कोणी पाहिलेच नाही. बोटे फोटोवरून फिरत होती. ही अमक्याची दुकान, ही आटाचक्की, हा निंब, याच्या खाली आमची शाळेची सायकल असायची. जे तरुण तेव्हा जन्मलेही नव्हते ते म्हाताऱ्यांना विचारत होते, 'आपलं घर कोणतं?' आणि बोट नेमके एका छपरावर येऊन थांबत होते. ज्या चित्राची मला लाज वाटत होती, दुरून, बसल्या जागेवरून, रुंद टोकाने घेतलेले, त्यातच त्यांची अख्खी गल्ली शिल्लक राहिली होती. मी उतरून कोणाएकाच्या चेहऱ्याजवळ गेलो असतो तर ती बहुधा राहिली नसती.

मग मी दुसरी प्रत काढली. सत्तरीच्या आसपासच्या एका गृहस्थांनी ती हातात घेतली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. "बड़े भैया हैं," ते शेवटी म्हणाले. "चाल से पहचान गया." थोरले बंधू काही वर्षांपूर्वी वारले होते. त्यांनी प्रत उजेडाकडे धरली, जणू कागद कलता केला की चित्रातला माणूस वळून पाहील. "मुँह इधर होता तो..." एवढे म्हणून ते थांबले. मग गल्लीच्या चित्रातल्या त्या काळ्या पट्टीवर बोट ठेवून त्यांनी साधेपणाने विचारले, "साहब, आप गाड़ी से उतरे नहीं थे?"

मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्यात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

ते मला घरी घेऊन गेले. चित्रातले दार आता त्यांच्या मागच्या खोलीला बसवलेले आहे. चौकट नवी, फळ्या जुन्या. खोलीत उजेड बेताचाच होता. "एक फोटो घेऊ का?" असे हिंदीत विचारले, तेव्हा त्यांनी थांबायला सांगितले. आत जाऊन धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, सूनबाईंना चहा ठेवायला सांगितले. या सगळ्याला वीस मिनिटे लागली आणि तेवढ्या वेळात त्यांनी भावाबद्दल पुष्कळ सांगितले. ते दार त्यांच्या वडिलांनी सागवानात करून घेतले होते, आणि बैलगाडी नाकारून भावाने ते खांद्यावरूनच नेले, कारण गाडीत फळीला चीर जाईल अशी त्याला धास्ती होती. मग ते दाराशी उभे राहिले. मी तीन पावलांवर होतो. छिद्र पूर्ण उघडून चित्र घेतले. त्यांच्या डोळ्यांत खिडकी दिसते, आणि नीट पाहिले तर त्या खिडकीसमोर कॅमेरा धरलेला मीही दिसतो.

तर प्रकरणाचा निकाल काय? तरुण मित्र विचारतात तेव्हा मी हल्ली असे सांगतो. जिथे स्थळच मुख्य आहे, मध्ये नदी आहे, बरोबर माणसे आहेत आणि वेळ आपल्या हाती नाही, तिथे झूम बिनदिक्कत न्यावा. त्यात कमीपणा काही नाही. जिथे माणसांकडे जायचे आहे, घरात शिरायचे आहे, तिथे प्राइम न्यावा. तो अंधारात दिसतो म्हणून तर न्यावाच, पण तो आपल्याला उठवतो म्हणूनही. आणि दोन्हींपैकी काहीही नेले तरी पहिले चित्र घेण्यापूर्वी एकदा वाहनातून उतरावे.

उद्या पहाटे पुन्हा छनेऱ्याला निघायचे आहे. गल्लीच्या चौदा प्रती काढल्या आहेत. प्रत्येक घरी एक जाईल. दाराशी उभ्या असलेल्या त्या गृहस्थांचे चित्र चौकटीत बसवून घेतले आहे. कॅमेऱ्याला प्राइम लावला आहे. पण गेल्या खेपेस निघताना टपरीवरच्या एका मुलाने सांगितले होते, "अंकल, नई गली का भी एक वैसा ही खींच देना, पूरी आए." त्याचे म्हणणे बरोबर आहे. पुढे केव्हातरी या गल्लीवरही कोणी बोट फिरवील. त्यासाठी रुंद टोक हवे. म्हणून झूम सुती पंचात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला. या वेळी मात्र तो रस्त्यावर उभा राहून वापरीन.

"शेवटी दोन्ही घेतलीत ना?" सौ.ने स्वयंपाकघरातून विचारले.

मी हो म्हटले आणि पिशवीची चेन ओढली.